रितेपणाचा हिशेब : चित्रांतून घडलेल्या दोन संगीतकृतींविषयी

संयुत्त निकायाच्या खन्धवग्गात 'चरण' नावाच्या एका चित्राचा उल्लेख येतो. हे चित्र तुम्ही पाहिले आहे काय, असे तथागत भिक्खूंना विचारतात. भिक्खू होकार देतात. तेव्हा तथागत सांगतात की ते चित्र चित्तानेच योजलेले आहे आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विविधरूप आहे. अट्ठकथेत याचा अधिक खुलासा आहे. काही ब्राह्मण कापडावर सुगती-दुर्गतीची चित्रे काढून घेत, ती गावोगाव नेत आणि कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे लोकांना समजावून सांगत. म्हणजे हे चित्र नुसते पाहण्याचे नव्हते, त्याच्यासोबत एक आवाज चालत होता. डोळ्यांचा विषय आणि कानांचा विषय यांची ही जोडी आपल्या परंपरेला पुष्कळ जुन्या काळापासून ठाऊक आहे.

हे प्रास्ताविक करण्याचे कारण असे की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही संगीतकारांनी चित्रांवरून, किंबहुना चित्रकाराच्या रीतीवरून, संगीत रचले. त्या रचना आता ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने आपल्याकडील तरुणांपर्यंतही सहज पोहोचतात आणि त्यांच्याविषयी लिहिणारे 'झेन', 'शून्यता', 'ध्यान' हे शब्द फार सढळ हाताने वापरतात. माझ्याकडे पालि शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने अशी एक मुद्रिका मला ऐकवली आणि विचारले, "सर, हे बौद्ध संगीत आहे का?" त्याचा सोबती लगेच म्हणाला, "ज्यांच्या पूर्वजांना बोलूच दिले नाही, त्यांनी शांततेचे कौतुक कशासाठी करायचे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. दुसरा प्रश्न मात्र मला कित्येक दिवस सोडवत नव्हता, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहिला आहे.

निकषासाठी आपण मज्झिम निकायातील चूळसुञ्ञत सुत्ताकडे वळू. श्रावस्तीच्या पुब्बाराम विहारात, मिगारमातेच्या प्रासादात, तथागत आनंदाला सुञ्ञता समजावून सांगत आहेत. त्यांचे उदाहरण अगदी घरगुती आहे. हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे यांनी रिता आहे, सोन्यारुप्याने रिता आहे, स्त्रीपुरुषांच्या गर्दीने रिता आहे. परंतु एका गोष्टीने तो रिता नाही, ती म्हणजे येथे राहणारा भिक्खुसंघ. पुढे संपूर्ण सुत्तात हीच पद्धत एकेक पायरी वर जाते. जे नाही ते नाही म्हणून पाहावयाचे, आणि जे उरले आहे ते आहे म्हणून जाणावयाचे. शेवटच्या पायरीवरही, जोवर जीवित आहे तोवर सहा आयतनांसह हा देह उरतोच, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पालि सुञ्ञता ही धुक्यासारखी वस्तू नाही. तो एक काटेकोर हिशेब आहे आणि त्या हिशेबाला दोन रकाने आहेत. उत्साही लेखक पहिल्याच रकान्यावर थांबतात, हा माझा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

आता जॉन केज यांच्याविषयी. 1951 साली चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी केवळ पांढऱ्या रंगाने रंगविलेली चित्रफलके केली. त्या फलकांवर काहीच काढलेले नव्हते, पण पाहणाऱ्याची सावली, खिडकीतून येणारा उजेड, धूळ हे सारे त्यांच्यावर दिसत असे. केज यांच्या मनात शांततेची रचना काही वर्षे घोळत होतीच. ती प्रत्यक्षात आणण्याचे धैर्य या फलकांनी आपल्याला दिले, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. 29 ऑगस्ट 1952 रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी ती सादर केली. तीन भाग, एकूण चार मिनिटे तेहतीस सेकंद, आणि पियानोचा एकही स्वर नाही. कोलंबिया विद्यापीठात डी. टी. सुझुकी झेनवर व्याख्याने देत, त्यांचे केज श्रोते होते. जाता जाता नोंदवितो, त्याच 1952 सालच्या जून महिन्यात त्याच कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी दिली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु एकाच विद्यापीठाच्या परिसरात बुद्धविचार किती भिन्न मार्गांनी नांदत होता, हे ध्यानात राहावे.

ही शांत रचना येथे केवळ पार्श्वभूमीसाठी घेतली. केज यांची चित्रांशी अधिक जवळची कृती पुढे तीस वर्षांनी आली. जपानमधील क्योतो शहरात र्‍योआन-जी हे झेन विहार आहे. त्याच्या अंगणात रेघा ओढलेल्या पांढऱ्या खडीत पंधरा दगड मांडलेले आहेत आणि ओसरीवर कोठेही बसले तरी त्यांपैकी एखादा नजरेआड राहतो, अशी त्यांची रचना आहे. 1983 पासून केज यांनी कागदावर दगड ठेवून त्यांच्या कडांभोवती पेन्सिल फिरवीत चित्रांची एक मालिका केली. त्याच सुमारास, 1983 ते 1985 या काळात, दगडांच्या अशाच कडा गिरवून त्यांनी 'र्‍योआन-जी' ही संगीतरचना लिहिली. कागदावरील वक्ररेषा वर गेली की सूर वर घसरतो, खाली आली की खाली. ओबो, बासरी, कंठ, ट्रॉम्बोन, डबल बास यांच्यासाठी असे स्वतंत्र भाग आहेत आणि त्यांच्या खाली तालवाद्याचे विरळ, असमान अंतराचे ठोके पडत राहतात. वक्ररेषा म्हणजे दगड आणि ठोके म्हणजे खडी, अशी ही योजना. आपल्याकडील मींडेशी परिचित कानाला हे घसरणारे सूर परके वाटणार नाहीत. फरक एवढाच की आपली मींड एका स्वराकडून निघून दुसऱ्या स्वराला भेटते, आणि येथे सूर कोणाला भेटण्यासाठी निघालेलाच नाही.

कल्पना म्हणून ही योजना मला फार सुंदर वाटते. चित्राचे वर्णन करणारे संगीत बहुधा उथळ होते. पाऊस दाखवायचा म्हणून तबल्यावर बोटे नाचवावीत, त्यातला तो प्रकार. केज यांनी वर्णन केले नाही. दगड जसा कागदावर उतरला तसाच तो सुरात उतरविला, मध्ये स्वतःची भावना घातली नाही. पण नेमक्या याच ठिकाणी पालिच्या अभ्यासकाला थांबावे लागते. दगड कोठे ठेवावा, कोणता घ्यावा, हे निर्णय केज यांनी चिनी 'यी चिंग'च्या पद्धतीने, म्हणजे यदृच्छेवर सोपविले. स्वतःची आवडनिवड बाजूला सारण्याचा तो त्यांचा उपाय होता आणि त्यामागील तळमळ खोटी नव्हती. तरीही अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागतांनी ज्या तीन मतांचे खंडन केले आहे, त्यांत सर्व काही पूर्वकर्मामुळे घडते आणि सर्व काही ईश्वराने निर्माण केले, यांच्याच जोडीला सर्व काही अहेतुक आहे, हेही मत आहे. तिन्ही मतांवर आक्षेप एकच आहे. ती मानली तर काय करावे आणि काय करू नये, याला जागा उरत नाही. त्याच निकायाच्या छक्कनिपातात चेतनेलाच कर्म म्हटले आहे. चेतना काढून टाकणे हा धम्माचा मार्ग नसून चेतना शुद्ध करणे हा आहे. कलेतील एक युक्ती आणि जगाविषयीचा सिद्धान्त यांत अंतर असते, हे मी जाणतो, आणि केज यांनी आपल्या यदृच्छेला कोणते प्रश्न विचारावयाचे हे फार विचारपूर्वक ठरविले होते, हेही खरे. तथापि त्यांच्या शिष्यवर्गात 'जे घडेल ते स्वीकारा' अशी एक सोयीची वृत्ती वाढली आणि तिला बौद्ध म्हटले गेले. जे घडेल ते स्वीकारा, हा उपदेश आपल्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्याच लोकांच्या तोंडून ऐकलेला आहे.

म्हणून 'र्‍योआन-जी' मला आदराने ऐकण्याची, पण काहीशा अंतरावरून ऐकण्याची कृती वाटते. तिने पहिला रकाना प्रामाणिकपणे भरला आहे. दुसऱ्यात काय लिहावे, हे ती श्रोत्यावर सोपवते.

मॉर्टन फेल्डमन यांची 'रॉथ्को चॅपेल' ही कृती मला निराळ्या जातीची वाटते. फेल्डमन (1926–1987) हे न्यूयॉर्कमधील एका ज्यू स्थलांतरित कुटुंबातले. तरुणपणापासून त्यांची ऊठबस संगीतकारांपेक्षा चित्रकारांत अधिक होती. 1950 साली त्यांनी स्वरलेखनाऐवजी आलेखासारख्या चौकटी आखून रचना लिहिल्या, त्यामागेही चित्रकारांची संगत होती. त्यांचे स्नेही मार्क रॉथ्को यांचा जन्म 1903 साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील द्विन्स्क येथे, ज्यू कुटुंबातच झाला आणि ते दहा वर्षांचे असताना अमेरिकेत आले. 1964 साली जॉन आणि डॉमिनिक द मेनिल या दांपत्याने ह्यूस्टन शहरातील एका प्रार्थनागृहासाठी त्यांना चित्रे काढावयास सांगितले. रॉथ्को यांनी चौदा भव्य चित्रे केली. काळा आणि जांभळट गर्द तपकिरी, याखेरीज जवळजवळ काहीच नाही, आकृती तर नाहीच. ती अष्टकोनी वास्तू फेब्रुवारी 1971 मध्ये खुली झाली, पण रॉथ्को यांनी त्यापूर्वी एक वर्ष, फेब्रुवारी 1970 मध्ये, स्वतःचे जीवन संपविले होते. त्यांच्या स्मरणार्थ काही लिहावे, असे फेल्डमन यांना सांगण्यात आले. 1971 साली रचना पूर्ण झाली आणि एप्रिल 1972 मध्ये त्याच वास्तूत ती प्रथम सादर झाली.

रचना सुमारे पंचवीस मिनिटांची आहे. व्हायोला, सेलेस्टा, तालवाद्ये, दोन स्त्रीकंठ आणि एक वृंद, एवढाच संच. वृंदाला शब्द नाहीत. बराच वेळ एखादा सूर येतो, थांबतो, पुन्हा येतो. दूरवर टिंपनीची घरघर ऐकू येते. रॉथ्को यांचा रंग चित्रफलकाच्या अगदी कडेपर्यंत जातो, तसे आपले संगीत त्या अष्टकोनी खोलीभर भरून राहावे, कोठून तरी लांबून येत आहे असे वाटू नये, असा आपला हेतू असल्याचे फेल्डमन यांनी लिहून ठेवले आहे. पुढे ते असेही म्हणतात की हा परिणाम ध्वनिमुद्रिकेत मिळतो तसाच आहे, कारण तेथे ध्वनी सभागृहापेक्षा आपल्या अधिक निकट असतो. हे विधान मला महत्त्वाचे वाटते. चित्रावरून ध्वनिमुद्रिका करावयाची म्हणजे वेष्टनावर ते चित्र छापावयाचे, हा आपल्याकडील सर्वसाधारण समज. भीमगीतांच्या कॅसेटवर निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेब आणि मागे बुद्धमूर्ती असे. ते चित्र श्रद्धेचे होते, त्याचे स्थान मी नाकारीत नाही. पण आतील गाण्याच्या घडणीशी त्याचा संबंध क्वचितच असे. येथे चित्राचा एक गुण, कडेपर्यंत भरून असणे, हाच ध्वनीच्या मांडणीचा नियम झाला आहे. चित्रापासून काय घ्यावे, हे फेल्डमन यांना नेमके समजले होते.

आणि शेवट. वीस मिनिटे रंगहीन, हेतुहीन वाटणारे सूर ऐकून झाल्यावर व्हायब्राफोनवर चार स्वरांची एक साधी आवृत्ती सुरू होते आणि तिच्यावर व्हायोला एक सरळ, गाता येईल अशी धून वाजविते. ती हिब्रू वळणाची धून फेल्डमन यांनी पंधराव्या वर्षी रचली होती. तीस वर्षे ती त्यांच्यापाशी पडून होती. आधुनिक संगीताच्या काही समीक्षकांना हा शेवट खटकतो. इतक्या कठोर रचनेला असे गोड शेपूट कशाला, असा त्यांचा सूर असतो. माझे मत नेमके उलट आहे. मिगारमातेच्या प्रासादातून हत्ती, घोडे, सोने, गर्दी सारे वजा केल्यावर तथागत 'काहीच नाही' असे म्हणत नाहीत. संघ आहे, असे ते म्हणतात. फेल्डमन यांनीही सर्व वजा केले आणि उरले ते लपविले नाही. जे लोक मोठ्या संख्येने हाकलले आणि मारले गेले, त्यांच्यातील एका मुलाचे गाणे उरले होते. फेल्डमन बौद्ध नव्हते आणि या धुनेचा असा अर्थ त्यांनी सांगितलेला नाही. अर्थ माझा आहे. पण ज्या कृतीत दुसरा रकाना भरला आहे, ती हीच.

या वास्तूची गोष्ट तिच्या भिंतींपाशी संपत नाही, आणि माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा धागा मला तेथेच सापडला. प्रार्थनागृहासमोर एका उथळ जलाशयात बार्नेट न्यूमन यांचे पोलादी शिल्प उभे आहे. खाली पिरॅमिड, आणि त्याच्या टोकावर उलटा टेकलेला, वरून तुटलेला स्तंभ. 1969 साली ह्यूस्टन शहरासाठी हे शिल्प घेण्यास आर्थिक साहाय्य करण्याची द मेनिल यांची तयारी होती. मात्र एप्रिल 1968 मध्ये ज्यांची हत्या झाली त्या मार्टिन ल्यूथर किंग यांना ते अर्पण करावे, अशी त्यांची अट होती. शहराने ती मानली नाही. मग त्यांनी शिल्प स्वतःच विकत घेतले आणि किंग यांच्या स्मृतीस अर्पण करून या वास्तूच्या दारात उभे केले. पुढे 1991 साली याच संस्थेने नेल्सन मंडेला यांचा गौरव केला. तात्पर्य, आतील नीरवतेत जाऊन बसावयाचे तर एका मारल्या गेलेल्या माणसाच्या स्मारकाजवळून जावे लागते, आणि बाहेर पडतानाही तेच समोर असते. द मेनिल यांनी ते स्मारक शहराच्या नकारासमोर हट्टाने उभे केले नसते, तर आतील अंधारी चित्रे आणि निःशब्द वृंद यांच्याविषयी मी एवढ्या विश्वासाने लिहिले नसते.

मराठीत 'मौन' आणि 'मूक' हे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातील भेद आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी आपले पहिले पत्र काढले, त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्याला बोलू दिले जात नाही तो मूक. ज्याला बोलता येते आणि तो पाहण्यासाठी, ऐकण्यासाठी थांबतो, ते मौन. जलशांनी, वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी मूकपणा मोडला. त्या गाण्यांत विराम कमी होते, कारण विरामाची चैन परवडणारी नव्हती. त्या विद्यार्थ्याचा राग त्या परंपरेतून येतो आणि तो योग्य आहे. पण विहारात आनापानसतीला बसणारा तोच मुलगा मूक नसतो. फेल्डमन यांच्या वृंदाला शब्द नाहीत, म्हणून तो मूकांचा वृंद ठरत नाही. ज्याचे शब्द आधी बाहेर दारात कोरले गेले आहेत, असा तो वृंद आहे. हे मी त्याला सांगितले. त्याने ते पूर्णपणे मान्य केले असे नाही. "मग आपल्याकडे कोणी असे करून दाखवावे," एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे मला रास्त वाटते, म्हणून एक कल्पना येथे मांडतो. अजिंठ्याच्या चित्रांवरून संगीत करावयाचे म्हटले की आपल्याकडे पद्मपाणीचे मुखपृष्ठ, बासरी आणि तानपुरा, एवढ्यावर काम भागते. सोळाव्या किंवा सतराव्या लेण्याची भिंत प्रत्यक्ष पाहावी. माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन ती चित्रे काढलेली आहेत, आणि गिलावा ठिकठिकाणी निखळून खालचा दगड उघडा पडला आहे. एखाद्या जातकाच्या मध्यभागीच कथा तुटते, पुढे पुन्हा एक हात, एक डोळा, एक छत्र दिसते. संगीतकाराने भिंतीची ही लांबी वेळेत मोजावी. चित्र शिल्लक आहे तेथे स्वर, गिलावा पडला आहे तेथे तेवढाच विराम, आणि तो विराम सुशोभित करू नये. केज यांची कडा गिरवण्याची रीत येथे उपयोगी पडेल, पण कोठे काय उरले आहे हे यदृच्छेने ठरणार नाही, भिंतच ते सांगेल. हुबेहूब पुनर्निर्मितीच्या नावाखाली मधली जागा भरून काढणारे चित्रकार आपण पाहिले आहेत, संगीतात निदान तो मोह टाळता येईल. विनयपिटकात लांबवलेल्या गीतस्वराने धम्म म्हणण्याचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत म्हणणारा स्वतःच त्या स्वरावर आसक्त होतो, हा पहिला आहे. अशा मुद्रिकेत आसक्त होण्यासारखा स्वर फार वेळ मिळणारच नाही.

ज्यांना 'रॉथ्को चॅपेल' ऐकावयाची असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिली तबकडी 1970च्या दशकातच ग्रेग स्मिथ यांच्या गायकवृंदाने केली. 1991 साली फिलिप ब्रेट यांच्या संचालनाखाली बर्कली येथील विद्यापीठाच्या वृंदाने केलेली मुद्रिका न्यू अल्बियन या संस्थेने काढली. तीत सोबत फेल्डमन यांचीच 'व्हाय पॅटर्न्स?' ही दुसरी रचना आहे. 2015 साली ईसीएम या संस्थेने ह्यूस्टनच्याच वृंदाची मुद्रिका प्रसिद्ध केली, व्हायोलावर किम काश्काशियान आहेत. वादन अतिशय नितळ आहे. मात्र या मुद्रिकेत फेल्डमन यांच्या जोडीला एरिक सती आणि केज यांच्या छोट्या रचना घातल्या आहेत. त्यामुळे एक प्रसन्न, शांत संध्याकाळ तयार होते आणि शेवटच्या धुनेचे दुःख तिच्यात विरघळते, असे मला वाटले. प्रथम ऐकणाऱ्याने 1991ची मुद्रिका घ्यावी. आवाज कमी ठेवावा, म्हणजे रस्त्यावरील रिक्षा आणि शेजारच्या घरातील कुकरची शिट्टीही ऐकू येईल. कानाला लावायची यंत्रे वापरू नयेत. धून संपल्यावर दुसरी रचना सुरू होण्यापूर्वी उठून यंत्र बंद करावे.